नाव आणि आडनाव

माझे आजोबा (आम्ही त्यांना दादा म्हणायचो) कृष्णाकाठच्या एका बाजारगावात शिवणकाम करायचे. ३० जानेवारी १९४८ ला शुक्रवार होता. जुम्म्याच्या नमाजसाठी बंद ठेवलेलं दुकान त्यांनी संध्याकाळी तासाभरासाठी उघडलं होतं. पेठेत एका कापडदुकानात रेडिओ होता. मगरिबच्या सुमारास तिथून कुणीतरी धावत आलं आणि म्हणालं, गांधीबाबाला मारलं, दिल्लीत गोळ्या घातल्या. दादा पुढे आम्हाला सांगायचे, "मेरे मूं से पहला लफ्ज क्या निकला, मालूम? इन्ना लिल्लाह नहीं निकला. मैं ने पूछा, अपना तो नहीं ना?"

थोड्या वेळाने कळलं की मारणारा हिंदू असल्याचं रेडिओवरच सांगितलंय. दादांनी दुकानाच्या फळ्या लावल्या, घरी येऊन वजू केला, मगरिब पढली आणि वर दोन रकात नफिल पढले. शुक्राचे.

तिसऱ्या दिवशी गावातल्या मास्तरांचा वाडा जळाला. मास्तर ब्राह्मण होते, माझे वडील त्यांच्याच हाताखाली अक्षरं गिरवत होते. मास्तर शेताशेतातून नदीकडे निघून गेले. त्यांची पत्नी आणि दोन मुलं आमच्या घराच्या मागल्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांआड दोन रात्री राहिली. वाडा जळताना गाव बघत उभं होतं आणि गावात दादाही होते. जाळणाऱ्यांतल्या चौघांना त्यांनी ओळखलं. चौघांच्याही अंगातले सदरे दादांनीच शिवलेले. पुढे पंचनामा झाला, जबाब झाले. दादांनी कुणाचंही नाव घेतलं नाही.

म्हातारपणी ते म्हणायचे, "वो दो रकात का हिसाब मेरे को लगता नहीं. किस बात का शुक्र किया था मैं ने?"

दादांचा तो पहिला प्रश्न आपल्यापैकी कुणालाच नवा नाही. कुठे स्फोट झाला, कुणा पुढाऱ्यावर हल्ला झाला, की बातमीतल्या मेलेल्या माणसाआधी आपली नजर मारणाऱ्याचं नाव शोधते. नाव आपल्यातलं नसलं की छातीवरचा दगड उतरतो. कुणी हे उघड बोलत नाही, पण घराघरात हे घडतं. हा सुटकेचा निःश्वास पाप आहे का? आणि तो टाकल्यावर आपली जबाबदारी संपते का? मला या प्रश्नाची उत्तरं १९४८ च्या त्या आठवड्यात शोधावीशी वाटतात, कारण तो आठवडा आपल्या महाराष्ट्राचा आहे आणि त्या दिवसांत आपण प्रेक्षक होतो.

आधी हे आठवू या की गांधीजी त्या महिन्यात काय करत होते. १३ जानेवारीला त्यांनी दिल्लीत उपोषण सुरू केलं. ते सोडण्यासाठी त्यांनी घातलेल्या अटी आज पुन्हा वाचाव्यात अशा आहेत. मेहरौलीला ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्याचा उरूस नेहमीसारखा भरला पाहिजे. ज्या मशिदींचा ताबा घेतला गेला त्या मोकळ्या झाल्या पाहिजेत. करोलबाग, सब्जीमंडी, पहाडगंज या वस्त्यांत मुसलमानांना निर्धास्त फिरता आलं पाहिजे, रेल्वेचा प्रवास सुरक्षित झाला पाहिजे, त्यांच्यावरचा आर्थिक बहिष्कार थांबला पाहिजे. १८ जानेवारीला सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी लेखी हमी दिली तेव्हा मौलाना आझादांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन त्यांनी उपोषण सोडलं. दोनच दिवसांनी प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला. तरी २७ तारखेला ते मेहरौलीच्या दर्ग्यावर गेले, आणि ३० तारखेला संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर प्रार्थनेला जाताना त्यांना तीन गोळ्या लागल्या.

ज्यांच्यासाठी त्यांनी जीव पणाला लावला होता, त्याच लोकांना त्यांच्या मृत्यूची बातमी ऐकताच स्वतःच्या जिवाची भीती वाटली. यात कृतघ्नपणा नव्हता. सहा महिने दिल्ली-पंजाबात जे चाललं होतं ते पाहता मारणारा मुसलमान निघाला असता तर पुढे काय झालं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको होता. गव्हर्नर जनरल माउंटबॅटन बिर्ला भवनात पोचले तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं की मारणारा मुसलमान आहे. त्यांनी तिथल्या तिथे त्याला दटावलं, की मूर्खा, तो हिंदू होता हे सगळ्यांना माहीत आहे. त्या क्षणी त्यांना स्वतःलाच ते माहीत नव्हतं, असं नंतर सांगितलं गेलं. आकाशवाणीनेही पहिल्या बातमीतच मारेकऱ्याचा धर्म सांगून टाकला.

त्या एका वाक्याने किती मुसलमानांचे प्राण वाचले याचा हिशेब कुणाकडे नाही, पण वाचले हे नक्की. आमचं घरही त्यात होतं. म्हणून ती घोषणा चुकली असं मी म्हणू शकत नाही. तरी ती करावी लागली याचा अर्थ काय, हे बघायला हवं. गुन्हा कुणी केला यापेक्षा तो कुठल्या समाजात जन्मला याला जास्त वजन आहे, हे सरकारलाही ठाऊक होतं आणि जमावालाही. मारणाऱ्याचा समाज सांगून आग एका वस्तीवरून टळली. मग त्याचं पूर्ण नाव कळलं, आडनाव कळलं, गाव पुणं कळलं. आग दुसऱ्या वस्तीकडे वळली.

पुणे, सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर, नागपूर, सगळीकडे ब्राह्मणांची घरं, दुकानं, छापखाने जळाले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. मुंबईत शिवाजी पार्कला विनायकराव सावरकरांच्या घरावर जमाव गेला. त्यांचे धाकटे भाऊ डॉक्टर नारायणराव दगडांनी जबर जखमी झाले आणि पुढच्या वर्षी वारले. खेड्यापाड्यांत काय झालं ते व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ' या कादंबरीत आलं आहे. जमावातल्या सगळ्यांना गांधीजींचं दुःख झालं होतं असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. कुळांची जुनी दुखणी होती, सावकारीच्या वह्या होत्या, पिढ्यान्पिढ्यांच्या अपमानांची नोंद होती. ती दुखणी खोटी नव्हती. पण त्यांचा गांधीहत्येशी संबंध नव्हता. मेलेल्या महात्म्याचं नाव घेऊन लोकांनी आपापली उधारी वसूल केली.

आणि तर्क तरी कसला? गांधीजी ज्यांना राजकारणातले गुरू मानत ते गोखले त्याच जातीचे. विनोबा, अप्पा पटवर्धन, इस्लामपूरचे आचार्य जावडेकर हेही जन्माने ब्राह्मण, आणि आयुष्यभर गांधीजींच्या वाटेने चाललेले. २० तारखेचा स्फोट घडवणारा मदनलाल पाहवा पंजाबातून आलेला निर्वासित होता. त्याच्यासाठी महाराष्ट्रात कुणी पंजाब्यांची घरं शोधत फिरलं नाही. जमाव पुरावा बघून जात नाही, सोय बघून जातो.

यावर एक उत्तर तेव्हाही दिलं जात होतं आणि आजही दिलं जातं. त्यांनी पेढे वाटले ना! ठिकठिकाणी मिठाई वाटली गेली हे खोटं नाही. खुद्द सरदार पटेलांनी सप्टेंबर १९४८ मध्ये गोळवलकरांना लिहिलेल्या पत्रात संघाच्या लोकांनी आनंद व्यक्त करून मिठाई वाटल्याचा उल्लेख केला आहे. म्हणजे हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. एका म्हाताऱ्याच्या खुनावर ज्याने पेढा खाल्ला त्याची लाज त्याला वाटायला हवी आणि समाजानेही त्याला जाब विचारायला हवा. पण ज्याने खाल्ला त्याला. शेजारच्या घरात ज्या बाईने त्या दिवशी चूल पेटवली नाही तिचंही घर त्याच पेढ्याच्या हिशेबात का जळावं?

पेढ्यांची ही गोष्ट मी जरा जास्त काळजीने ऐकतो, कारण ती पुन्हा पुन्हा येते. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींना त्यांच्याच दोन शीख अंगरक्षकांनी मारलं. दिल्लीत तेव्हाही अफवा हीच होती, शिखांनी मिठाई वाटली. दुसरी अफवा अशी की पाण्यात विष कालवलं. मग मतदारयाद्या घेऊन जमाव फिरले. एकट्या दिल्लीत सरकारी आकड्याप्रमाणे २,७३३ माणसं मारली गेली. आणि आपल्याबद्दल? क्रिकेटचा सामना संपला की फटाके कुठल्या मोहल्ल्यात वाजले याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो. पेढा, फटाका, विष. समाज बदलतो, आरोप तोच राहतो.

पण दुसऱ्यांचीच झडती घेऊन थांबणं बरं नाही. आपल्याही इतिहासाकडे बघू. इस्लामच्या पहिल्या चार खलिफांपैकी तिघांचा खून झाला. हजरत उमर (रजि.) आणि हजरत अली (रजि.) दोघांवरही फज्रच्या वेळी मशिदीत घाव पडले, हजरत उस्मान (रजि.) कुराण वाचताना मारले गेले. इ.स. ६४४ मध्ये हजरत उमर यांच्यावर अबू लूलू नावाच्या इराणी गुलामाने खंजीर चालवला. हदीसच्या ग्रंथांत असं येतं की जखमी अवस्थेत त्यांनी विचारलं, मला कुणी मारलं? उत्तर ऐकल्यावर त्यांनी अल्लाहचे आभार मानले की आपला मृत्यू स्वतःला मुसलमान म्हणवणाऱ्याच्या हातून येत नाहीये.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला दादांचे दोन रकात आठवले. तोच प्रश्न, तोच शुक्र. मला वाटलं, चला, दादांना मोठी सनद मिळाली. पण पुढचं पान वाचल्यावर मी थांबलो. हजरत उमर यांच्या मुलाने, उबैदुल्लाहने, सूडाच्या भरात हुरमुझान या इराणी सरदाराला मारलं. हुरमुझानने मदिनेत इस्लाम स्वीकारला होता. कटात तो होता याचा निवाडा कुणी केला नव्हता. जुफैना नावाच्या एका ख्रिस्ती माणसाला त्याने मारलं, आणि अबू लूलूच्या लहान मुलीलाही. नवे खलिफा हजरत उस्मान यांच्यापुढे पहिला मोठा प्रश्न हाच आला, की उबैदुल्लाहचं काय करायचं? हजरत अली यांचं मत स्पष्ट होतं, निरपराधाचा खून तो खून, मग खुनी कुणाचाही मुलगा असो. दुसरीकडे लोक म्हणत होते, काल बाप मारला गेला, आज मुलाला मारायचं का? शेवटी हजरत उस्मान यांनी स्वतःच्या पैशातून रक्तमोल भरलं आणि प्रकरण मिटवलं. मिटलं म्हणायचं एवढंच. पुढच्या पिढ्या त्यावर वाद घालतच राहिल्या.

सतरा वर्षांनी कुफ्यात हजरत अली यांच्यावर वार झाला तेव्हा मारणारा मुसलमानच होता. त्यांनी मुलांना केलेली वसीयत परंपरेने जपली आहे. तिचा आशय असा, की अमीर मारले गेले, अमीर मारले गेले असं ओरडत लोकांच्या रक्तात पाय बुडवू नका. माझ्यासाठी माझ्या मारेकऱ्याखेरीज कुणालाही मारू नका. त्यालाही एका घावाला एकच घाव. मारल्या जाणाऱ्या नेत्याने आपल्या नावावर पुढे काय होईल हे ओळखून आधीच बांध घालून ठेवला, असं उदाहरण इतिहासात विरळाच. एकाचं ओझं दुसऱ्याने वाहायचं नाही, हे तत्त्व कुराणात पाच ठिकाणी आलं आहे. पाच वेळा सांगावं लागलं, यावरून माणसाच्या मनाला ते किती अवघड जातं हे कळतं.

आता त्या निःश्वासाकडे परत येतो. तो पाप आहे असं मला वाटत नाही. भीती वाटणं हा गुन्हा नाही आणि भीती गेल्यावर मोकळा श्वास घेणं हाही नाही. पण त्या श्वासात एक कबुली दडलेली असते. 'आपल्यातला नाही, बरं झालं' असं म्हणताना आपण जमावाचं गणित मान्य केलेलं असतं. आपल्यातला असता तर आपण जळणं ओघानेच आलं असतं, हे आपण मनात धरून चाललेलो असतो. आणि तेच गणित दुसऱ्याच्या घरावर मांडलं जातं तेव्हा बोलायला आपली जीभ उचलत नाही. दादांचे दोन रकात मला इथे अडतात. शुक्र आपल्या घरापुरता होता. हजरत उमर यांच्या तोंडचा शुक्र मुसलमानांच्या हाताला डाग लागला नाही याचा होता, आणि तरीही त्या शुक्रामुळे हुरमुझानचा जीव वाचला नाही.

मग समाजाची काहीच जबाबदारी नसते का? 'तो एक वेडा होता, आमचा काय संबंध' म्हणून सगळ्यांनी हात झटकावेत का? तसंही नाही. नथुराम गोडसे आकाशातून पडला नव्हता. तो पुण्यातल्या एका मराठी दैनिकाचा संपादक होता. त्या पत्राला वर्गणीदार होते, जाहिरातदार होते, अग्रलेख वाचून मान डोलावणारे होते. त्या मान डोलावणाऱ्यांवर काही ना काही ओझं येतं, मग ते कुठल्याही जातीचे असोत. आणि ज्या ब्राह्मणाने ते पत्र कधी हातात धरलं नाही त्याच्यावर काडीचंही येत नाही. जबाबदारी कृतीतून चालत येते. लिहिण्यातून, वाचून गप्प बसण्यातून, पैसे देण्यातून, अफवा पुढे ढकलण्यातून. रक्तातून ती येत नाही. थोडक्यात, दोष नावाला चिकटतो, आडनावाला चिकटत नाही.

मात्र एखादा माणूस आपणहून आपल्या लोकांची लाज स्वतःवर घेतो, ती गोष्ट वेगळी. गांधीहत्येने साने गुरुजी हादरून गेले आणि त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला. हे तेच गुरुजी, ज्यांनी आदल्याच वर्षी पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं होतं आणि ज्यांच्या 'इस्लामी संस्कृती' या पुस्तकातून कित्येक मराठी घरांना पैगंबरांचं चरित्र कळलं. त्यांचा गुन्ह्याशी दुरूनही संबंध नव्हता. तो उपवास कुणी त्यांच्यावर लादला नव्हता. म्हणूनच त्याला किंमत आहे. हाच उपवास दारात दगड घेऊन उभ्या असलेल्या लोकांनी करायला लावला असता, तर ती खंडणी झाली असती. लाज स्वतः घेतली तर ती माणसाला मोठं करते, दुसऱ्याने लादली तर चिरडते.

आपल्याकडून वारंवार निषेधाची पत्रकं मागितली जातात तेव्हा मला हा फरक आठवतो. मागून दिलेलं पत्रक दाखल्यासारखं असतं, मुदत संपली की नवं आणा. पण २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कबरस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुसलमानांनी नकार दिला, तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. म्हणून तो मनात राहिला. २००५ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी १९८४ बद्दल संसदेत माफी मागितली. ते स्वतः शीख. मारल्या गेलेल्यांच्या समाजातला माणूस माफी मागत होता, कारण ज्या खुर्चीचं ते ओझं होतं तिच्यावर आता ते बसले होते. जन्म एका बाजूला, जबाबदारी दुसऱ्या बाजूला. एवढं स्पष्ट उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

पण माफीने नाव घेण्याचं काम होत नाही. १९८४ च्या एका बड्या पुढाऱ्याला, सज्जनकुमारला, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली ती डिसेंबर २०१८ मध्ये. चौतीस वर्षं ज्यांची नावं कोर्टात लागली नाहीत, त्यांच्या वाट्याचा दोष तेवढी वर्षं सगळ्या दिल्लीच्या अंगावर राहिला. गांधीजींच्या मारेकऱ्यांचं तसं झालं नाही. लाल किल्ल्यात उघड खटला चालला, प्रत्येकाच्या नावावर वेगळा पुरावा तपासला गेला, काहींना फाशी, काहींना जन्मठेप झाली, पुराव्याअभावी सावरकर सुटले. गांधीजींच्या दोन मुलांनी, मणिलाल आणि रामदास यांनी, फाशी रद्द व्हावी असं सुचवलं होतं. ते मान्य झालं नाही, १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात गोडसे आणि आपटे यांना फाशी झाली. ज्यांचा बाप गेला त्या घरातून दयेची मागणी आली, आणि ज्यांचं काही गेलं नव्हतं ते घरं पेटवत होते.

मास्तरांचं कुटुंब गावात परत आलं नाही, पुण्याला स्थायिक झालं. त्यांचा एक कोट दादांकडे शिवायला होता. तो पूर्ण करून दादांनी खुंटीला टांगून ठेवला. काही वर्षांनी पत्ता मिळाल्यावर ते कोट घेऊन पुण्याला गेले. मास्तरांच्या पत्नीने त्यांना जेवू घातलं. मास्तरांनी शिलाईचे पैसे पुढे केले, दादांनी घेतले नाहीत. निघताना मास्तरांनी विचारलं, "भाई, कोण कोण होते हो?"

दादा म्हणाले, "अंधार होता मास्तर."

मास्तर म्हणाले, "मग सगळा गावच होता म्हणायचं."

अंधार नव्हता. वाडा पेटलेला असताना कुणाचाही चेहरा दिसावा इतका उजेड होता. चार नावं दादांनी गिळली आणि त्या चारांचं ओझं सगळ्या गावावर गेलं, त्यात आमचं घरही आलं. पुण्याच्या त्या घरातली मुलं पुढे आमच्या गावाविषयी काय मनात धरून मोठी झाली असतील, त्याला दादांचं ते एक वाक्य जबाबदार आहे. त्यांना भीती होती, त्याच चौघांमध्ये राहायचं होतं, हे मला कळतं. त्यांच्या जागी मी असतो तर धीर केला असता असं छाती ठोकून मी सांगू शकत नाही.

पण आता बातमी आली आणि मनात तो जुना प्रश्न उठला, की मी त्याला उठू देतो. तो माझ्या भीतीचा आहे, त्याला दाबून उपयोग नाही. फक्त त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न विचारायची मी सवय लावून घेतली आहे. आपल्यातला नाही, ठीक. मग आज रात्री कुणाच्या दारात जाऊन बसायला हवं? आणि उद्या जबाब द्यायची वेळ आली तर मी नाव घेईन का?